नव्या विभाग-इमारतीसाठी विद्यार्थ्यांचं म्हणणं कसं गोळा करावं?

अंगणवाट (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात शिकवते. विभागाला नवी इमारत मंजूर झाली आहे. जागा ठरली, वास्तुविशारद नेमले गेले, नकाशाचं काम मात्र अजून सुरू व्हायचं आहे. विभागाच्या समितीत मी आहे आणि विद्यार्थ्यांचं मत गोळा करायची जबाबदारी माझ्याकडे आहे.

समितीने एक गूगल फॉर्म सुचवला आहे. "नव्या इमारतीत तुम्हाला काय काय हवं?" आणि खाली चौकटी: वायफाय, एसी, लिफ्ट, कॅन्टीन, वाचनकक्ष, वगैरे. मला त्यात अर्थ वाटत नाही. सगळी मुलं सगळ्या चौकटींवर टिक करणार आणि आम्ही "९० टक्के विद्यार्थ्यांना वायफाय हवं" असं लिहून अहवाल जोडून मोकळे होणार. ही इमारत पुढची चाळीस-पन्नास वर्षं वापरली जाईल. आजची प्रयोगशाळा ज्या काळात बांधली तेव्हा विभागात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि इमारत तीच आहे.

आमची बरीच मुलं खेड्यांतून येतात. घरातली पहिलीच पदव्युत्तर पिढी. शिक्षकांसमोर सहसा बोलत नाहीत, आणि इमारतीबद्दल आपल्याला कुणी विचारेल अशी त्यांना सवयही नाही. त्यांचं खरं म्हणणं कधी, कसं आणि कोणाकडून घ्यावं? आणि घेतलेलं नकाशापर्यंत पोचावं यासाठी काय करावं? इथे वास्तुविशारद, अभियंते, संशोधक विद्यार्थी असे सगळेच आहेत, म्हणून विचारते.

गवाक्ष · सोमवार, रात्री १०:०२

मी पुण्यात वास्तुविशारद आहे. शैक्षणिक इमारतींची कामं केली आहेत. मॅडम, तुम्ही नकाशाआधी विचारताय, यातच अर्धं काम झालं. माझ्याकडे विद्यार्थ्यांची मतं बहुतेक वेळा प्लॅन तयार झाल्यावर येतात. तेव्हा बोलायला फक्त रंग आणि फरशी उरलेली असते.

"काय हवं" हा प्रश्न काढून टाका. त्याचं उत्तर यादी असते आणि यादीवरून मला भिंत कुठे घालायची ते कळत नाही. त्याऐवजी "काल तुम्ही काय केलंत" ते विचारा. किती वाजता आलात? बॅग कुठे ठेवलीत? तास आणि प्रॅक्टिकल यांच्या मधल्या वेळात कुठे बसलात? डबा कुठे खाल्लात? घरी फोन कुठून केलात? मोबाइल कुठे चार्ज केलात? पाऊस असता तर यातलं काय बदललं असतं? एवढ्या उत्तरांतून मला व्हरांड्याची रुंदी मिळते, जिन्याची जागा मिळते, लॉकर कुठे लागतील ते कळतं.

दुसरं, विचारण्याआधी बघा. आत्ताच्या इमारतीचा तळमजल्याचा नकाशा झेरॉक्स करून घ्या. सकाळी साडेदहा, दुपारी दीड आणि संध्याकाळी साडेचारला फेरी मारा आणि जिथे कुणी बसलेलं, उभं राहिलेलं, टेकलेलं दिसेल तिथे ठिपका द्या. आठवडाभर करा. मुलं जिन्यावर बसतात म्हणजे त्यांना जिना आवडतो असं नाही. तिथे वारा असेल, किंवा दुसरीकडे बसलं तर कुणीतरी उठवत असेल. कारण त्यांना तिथेच, त्या जागेवर विचारा. मैदानातून उमटलेली पायवाटही बघा. ती सांगते की तुमच्या मुख्य दरवाजाची जागा चुकली आहे.

बुन्सेन · सोमवार, रात्री ११:३०

मॅडम, मी रसायनशास्त्रातच पीएच.डी. करते, वेगळ्या विद्यापीठात. गवाक्ष यांनी विचारलेला "कालचा दिवस" मी इथेच लिहिते, म्हणजे कशा प्रकारची माहिती मिळते ते दिसेल.

सकाळी सव्वानऊला आले. लॅबमध्ये माझं टेबल आहे. म्हणजे ज्या ओट्यावर रिॲक्शन लावते त्याच्याच टोकाला लॅपटॉप, वह्या, पाण्याची बाटली. दिवसभर सॉल्व्हंटचा वास त्याच हवेत. लिहायला दुसरी जागा नाही आणि दूर कुठे जाता येत नाही, कारण रिॲक्शनवर नजर ठेवायची असते. माझी एकच मागणी असेल तर ती ही: लिहायची जागा लॅबच्या हवेपासून वेगळी, पण मध्ये काच. टेबलावर बसून फ्लास्क दिसला पाहिजे. नव्या पद्धतीच्या प्रयोगशाळांत अशीच मांडणी असते आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत, सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

फ्यूम हूडच्या (घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) बरोबर समोर छताचा पंखा आहे. उन्हाळ्यात तो लावला की हूडची हवा आत ओढली जाण्याऐवजी बाहेर विस्कटते. पंखा बंद केला तर घामाने चष्मा घसरतो. पंखा कुठे लावायचा हे ज्याने ठरवलं त्याने हूडवर काम करणाऱ्याला विचारलं असतं तर हे झालं नसतं.

दुपारी डबा. लॅबमध्ये खायचं नाही हा नियम योग्यच आहे, पण मग कुठे खायचं? आम्ही मुली मागच्या जिन्यावर बसतो. एम.एस्सी.ची मुलं सलग चार-पाच तास उभी राहून प्रॅक्टिकल करतात आणि नंतर टेकायला एक बाक नाही.

संध्याकाळी सातनंतर मागचा पॅसेज अंधारा असतो. स्वच्छतागृह त्याच्या टोकाला आहे. मी साडेसहाला जाऊन येते आणि मग घरी जाईपर्यंत पाणी पीत नाही. हे मी कुठल्याही फॉर्ममध्ये लिहिलं नसतं, कारण असं कुणी विचारतच नाही.

पाणपोई · मंगळवार, सकाळी ७:५०

बुन्सेन, शेवटचा परिच्छेद वाचून गलबलून आलं. मॅडम, हा प्रतिसाद छापून वास्तुविशारदांच्या हातात द्या.

साइटवाला · मंगळवार, सकाळी ८:२०

मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. थोडी दुसरी बाजू मांडतो.

विद्यार्थ्यांना विचारायला माझी हरकत नाही. पण कामाचा क्रम समजून घ्या. प्राथमिक आराखडा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश. प्रशासकीय मान्यतेत रक्कम ठरली की क्षेत्रफळ जवळजवळ ठरलं. निविदेनंतर केलेला प्रत्येक बदल एक्स्ट्रा आयटम होतो. त्याचा दर ठरवा, मंजुरी घ्या, लेखापरीक्षणाला उत्तर द्या. म्हणून नंतर कुणी हात लावत नाही. मुलांनी चांगली गोष्ट सांगितली तरी ती सहा महिने उशिरा सांगितली तर उपयोग शून्य.

त्यामुळे मुलांसमोर जाताना आधी सांगा की काय ठरलेलं आहे. एकूण चौरस मीटर इतके, मजले इतके, पैसे इतके, जागा ही. आणि काय अजून उघडं आहे तेही सांगा: प्रवेश कुठून, कुठली खोली कुठल्या मजल्यावर, खिडक्यांची दिशा, व्हरांडे, बसायच्या जागा, पाणी, स्वच्छतागृहं, दिवे. हे न सांगता "मनमोकळं बोला" म्हटलंत तर कुणी जलतरण तलाव मागेल, तो मिळणार नाही, आणि पुढच्या वेळी कुणी बोलायला येणार नाही. मी हे घडताना पाहिलेलं आहे.

अंगणवाट · मंगळवार, सकाळी ९:०५

साइटवाला सर, अगदी हेच हवं होतं. आमच्याकडे अजून प्रशासकीय मान्यता व्हायची आहे, म्हणजे वेळ आहे. काय ठरलंय आणि काय उघडं आहे याचं एक पान मी विद्यापीठ अभियंत्यांकडून लिहून घेते.

पश्चिमकिनारा · मंगळवार, सकाळी ९:४०

मी मूळचा साताऱ्याचा, अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात शिकलो, यूजीन गावी. या विषयात त्या विद्यापीठाचा अनुभव पन्नास वर्षांहून जुना आहे, म्हणून सांगतो.

१९७०च्या सुमारास तिथेही विद्यार्थी आंदोलनं पेटलेली होती. त्या काळात विद्यापीठाने ख्रिस्तोफर अलेक्झांडर या बर्कलीच्या वास्तुविशारदाच्या गटाला नियोजनाचं काम दिलं. त्याने पुढच्या तीस वर्षांचा रंगीत मास्टर प्लॅन काढायला नकार दिला आणि त्याऐवजी सहा तत्त्वं दिली. त्यातलं एक असं की काय बांधायचं आणि कसं बांधायचं हे वापरणाऱ्यांच्या हातात राहील. दुसरं असं की वाढ लहान लहान टप्प्यांनी होईल, सगळा पैसा एका अजस्र इमारतीत जाणार नाही. आणि एक तत्त्व निदानाचं: दरवर्षी आवार फिरून कुठली जागा जिवंत आहे आणि कुठली मेलेली, ते नकाशावर मांडायचं.

हे कागदावर राहिलं नाही. आजही तिथे नवी इमारत व्हायची असली की वापरकर्त्यांचा गट बसतो. त्यात प्राध्यापक आणि कर्मचारी असतात, विद्यार्थीही असतात. ते वास्तुविशारदाबरोबर अगदी पहिल्या बैठकीपासून असतात. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की विद्यार्थ्याचं "मत घेतलं" जात नाही. तो टेबलावर बसतो. अहवालात जोडलेलं मत कुणीही वगळू शकतं, समोर बसलेल्या मुलीला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं.

मॅडम, तुमच्या समितीत विद्यार्थी सदस्य आहेत का?

अंगणवाट · मंगळवार, सकाळी ९:५२

नाहीत. मांडते हा मुद्दा.

साइटवाला · मंगळवार, दुपारी १:१०

पश्चिमकिनारा, मान्य, पण एक अडचण. एम.एस्सी.चा विद्यार्थी दोन वर्षं असतो. इमारत व्हायला तीन-चार वर्षं लागतात. आज समितीत बसलेला मुलगा पायाभरणीआधीच बाहेर पडणार. मग सातत्य कसं राहणार? आणि जो स्वतः तिथे बसणार नाही त्याचं मत किती धरायचं?

पश्चिमकिनारा · मंगळवार, दुपारी २:३५

सर, दोन उपाय. पीएच.डी.चे विद्यार्थी चार-पाच वर्षं असतात, एक जागा त्यांना द्या. दुसरी जागा एम.एस्सी. पहिल्या वर्षाला द्या आणि तो मुलगा दुसऱ्या वर्षाला गेला की त्याने नव्या मुलाला सोबत घेऊन यायचं, दोघं मिळून काही बैठका बसायचं. आणि स्वतः बसणार नाही म्हणून मत कमी धरावं, हे मला पटत नाही. आपणही असं बरंच काही बांधतो, जे पुढचे वापरतात. उलट ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचं नाही त्याचं बोलणं जास्त मोकळं असतं.

गवाक्ष · मंगळवार, संध्याकाळी ७:१५

ऑरेगनचं उदाहरण निघालं म्हणून आणखी दोन सांगतो, कारण दोन्हींतून प्रत्यक्ष करण्याजोगं काही मिळतं.

पहिलं ब्रुसेल्सचं. लूव्हँ विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचं नवं संकुल वोलुवे-सँ-लाम्बेर या भागात होत होतं. विद्यापीठाने मांडलेली योजना विद्यार्थ्यांनी नाकारली, आणि लुसिएँ क्रोल या वास्तुविशारदाचं नाव त्यांनीच पुढे केलं. १९७० ते १९७६ या काळात ती वसतिगृहं आणि सामायिक इमारती उभ्या राहिल्या. क्रोलने विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली नाही. फोमचं मोठं मॉडेल मध्ये ठेवलं आणि मुलांचे गट पाडले, एकेका गटाकडे इमारतीचा एकेक भाग. एखादा गट आपल्याच म्हणण्याला चिकटून बसला की क्रोल माणसं बदलायचा, इकडची तिकडे. म्हणजे स्वयंपाकघराचा हट्ट धरणारा खोल्यांच्या गटात जायचा आणि त्याला समोरच्याची अडचण कळायची. आतल्या भिंती हलवता येतील अशा केल्या. ती इमारत दिसायला सगळ्यांना आवडत नाही, विद्यापीठाचं आणि क्रोलचंही पुढे फाटलं आणि उरलेलं काम त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. पण गटातली माणसं बदलायची ती युक्ती मी स्वतः वापरतो आणि ती लागू पडते.

दुसरं जपानचं. टोकियोजवळ सायतामा प्रांतात एइशिन संस्थेचं हायस्कूल आहे, १९८५ साली सुरू झालेलं. तेही अलेक्झांडरचंच. त्याने शिक्षकांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलून आधी शब्दांत आराखडा लिहिला: प्रवेश कसा, पाणी कुठे, वर्गातून वर्गात जाताना काय लागेल. मग इमारतींच्या जागा प्रत्यक्ष जमिनीवर बांबूला कागदी झेंडे लावून ठरवल्या. लोक झेंड्यांमधून चालायचे, काही खटकलं की झेंडा हलवायचा. कागदावरचा नकाशा नंतर.

आपल्याकडे झेंडे कशाला, फक्की आहे की! मॅडम, प्रस्तावित वर्गखोली आणि एक प्रयोगशाळा मैदानावर पूर्ण मापात चुन्याच्या फक्कीने आखा. ओटे आखा, दरवाजे मोकळे सोडा. आत तीस मुलं बॅगांसकट उभी करा. नकाशा वाचता न येणारी मुलं पाच मिनिटांत सांगतील की दोन ओट्यांमधून दोघं पाठीला पाठ लावून जाऊ शकत नाहीत.

लाल_डबा · मंगळवार, रात्री १०:२०

मी बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे, पुढे विद्यापीठातच यायचं आहे. मॅडम, तुम्ही चर्चा ठेवाल ती प्लीज दुपारी चारनंतर ठेवू नका. माझी गाडी सव्वाचारची. ती चुकली तर पुढची साडेसातला आणि घरी पोचायला नऊ. आमच्यासारखे रोज ये-जा करणारे निम्मे असतील आणि अशा बैठकांना नेहमी होस्टेलचीच मुलं असतात. मग ठराव होतो की वाचनकक्ष रात्री बारापर्यंत उघडा पाहिजे. आम्हाला तो सकाळी आठला उघडा पाहिजे, कारण गाडी पावणेआठला सोडते आणि पहिला तास अकराला असतो. मधले तीन तास गेटजवळच्या झाडाखाली जातात. पावसाळ्यात चहाच्या टपरीच्या शेडमध्ये.

अजून एक. मुलं आणि मुली एकत्र, वर सर बसलेले, अशा बैठकीत मुली बोलणार नाहीत. माझी बहीण तुमच्यासारख्याच एका विभागात शिकते. तिला विचारलं तर म्हणाली, पॅडची विल्हेवाट लावायला डबा नाही, दाराला कडी नाही, हे मी माइक हातात घेऊन सांगू का?

अंगणवाट · मंगळवार, रात्री १०:४५

बरं झालं लिहिलंस. बैठक तासाच्या वेळेतच घेईन, प्रॅक्टिकलच्या एका सत्रात, म्हणजे कुणाला वेगळं थांबायला नको. मुलींशी मी आणि आमच्या एक सहकारी वेगळं बोलू, दहा-दहाच्या गटात. आणि ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची पेटी मुलींच्या खोलीत ठेवू.

उतार · बुधवार, सकाळी ६:५५

मी चाकाच्या खुर्चीवर असतो. एम.एस्सी. केलं आहे, रसायनशास्त्रातच करायचं होतं पण प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती, म्हणून गणित घेतलं. गणित आवडलं, तो भाग वेगळा.

इथे एक मुद्दा कळकळीने मांडतो. "आमच्या विभागात दिव्यांग विद्यार्थी एकही नाही, मग कोणाला विचारणार?" असं तुम्हाला समितीत ऐकायला मिळेल. नाही, कारण इमारत त्यांना आत येऊ देत नाही. आज जे आहेत त्यांनाच विचारलं तर जे येऊच शकले नाहीत त्यांचं म्हणणं कधीच येणार नाही. दुसऱ्या विभागांतल्या, जवळच्या महाविद्यालयांतल्या मुलांना बोलवा. अंध विद्यार्थ्यांना बोलवा, कमी ऐकू येणाऱ्यांना बोलवा. वर्गात आवाज घुमतो की नाही हे त्यांच्याइतकं अचूक कोणी सांगणार नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या इमारतीला परवानगीच देता येत नाही. त्यामुळे रॅम्प होईलच. पण कसा, ते महत्त्वाचं. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प किमान ५.४ मीटर लांब. जागा आधी सोडली नाही तर शेवटी मागच्या बाजूला, जनरेटरशेजारी, घसरगुंडीसारखा काहीतरी करून देतात. माझी विनंती अशी: रॅम्प मुख्य दारालाच द्या, सगळ्यांनी त्यावरूनच जावं. जोतंच कमी ठेवता आलं तर त्याहून उत्तम. आणि प्रत्येक प्रयोगशाळेत एक तरी ओटा कमी उंचीचा, खाली गुडघे जातील असा. उभं राहून करायचा ओटा साधारण ९० सेंटिमीटरचा असतो, मला त्यावरचं ब्युरेट (मापाच्या खुणांची उभी काचनळी) वाचता येत नाही.

बुन्सेन · बुधवार, सकाळी ९:३०

उतार, तुमचा मुद्दा वाचून आपत्कालीन शॉवर आठवला. अमेरिकी मानक म्हणतं की धोक्याच्या जागेपासून तो दहा सेकंदांत गाठता आला पाहिजे. आमच्याकडे तो दाराबाहेर, वळणावर आहे. अंगावर ॲसिड सांडलेला माणूस डोळे मिटून तिथे कसा जाणार? फक्कीच्या आखणीत हेही करून बघा: शॉवरची जागा आखा, एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि चालू द्या.

गवाक्ष · बुधवार, सकाळी ११:००

ही सूचना मी माझ्या पुढच्या कामात वापरणार.

साइटवाला · बुधवार, दुपारी १२:४०

मराठवाड्याचं ऊन कोणी काढलं नाही अजून. आजकाल प्रत्येक नव्या इमारतीला दर्शनी भागात निळी काच आणि ॲल्युमिनियमचे पत्रे लावायची पद्धत पडली आहे. संकल्पचित्र बघून सगळे खूश होतात, मुलंही. मे महिन्यात तिथे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतं. पश्चिमेला काच लावलेली खोली दुपारी तीनला वापरता येत नाही, मग एसी, मग वीजबिल, मग एसी बंद. मुलांना चित्र दाखवून "आवडलं का" विचारू नका. "एप्रिलमध्ये दुपारी तीनला तुम्ही कुठल्या खोलीत बसता आणि का" ते विचारा. उत्तर बहुधा उत्तरेच्या बाजूची खोली किंवा मोठ्या व्हरांड्यामागची खोली असंच येईल. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम, खिडक्या उत्तर-दक्षिण, हे जुन्या लोकांना माहीत होतं.

गवाक्ष · बुधवार, दुपारी १:२५

सहमत. याचं प्रसिद्ध उदाहरण केंब्रिजमध्ये आहे. जेम्स स्टर्लिंगची इतिहास विभागाची इमारत, १९६८. काचेच्या उतरत्या छपराखालचं वाचनालय, जगभरच्या मासिकांत छापून आलेलं. आत बसणारे विद्यार्थी मात्र उन्हाळ्यात उकडून आणि हिवाळ्यात गारठून निघायचे, वर गळतीही होती. इंग्लंडच्या उन्हात ही गत.

उलट अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी बांधलेलं वास्तुकला विद्यालय बघा. उत्तरेचा उजेड घेणारे उंच स्टुडिओ, विटांच्या जाड भिंती, खाली मोकळी सावलीची जागा आणि बसता येईल असे जिने. तास नसतानाही मुलं तिथेच असतात. आपल्या पुण्यातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, घ्या. चार्ल्स कोरियांनी काळ्या दगडाच्या भिंतींमध्ये चौक दिला, त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. चौक असला की माणसं थांबतात, थांबली की बोलतात. विज्ञानाच्या विभागात हे बोलणं चैनीचं नसतं. केंब्रिजच्याच न्यूटन गणित संस्थेत तर लिफ्टमध्ये आणि स्वच्छतागृहातही लिहायचे फळे लावलेले आहेत, कारण गणिती लोकांना कुठेही सुचतं हे बांधणाऱ्यांनी जाणून घेतलं होतं.

लाल_डबा · बुधवार, रात्री ९:१०

व्हरांड्यात फळा असेल तर आम्ही खरंच वापरू. आत्ता आम्ही मैत्रिणीला रिॲक्शनची यंत्रणा समजावताना वहीच्या मागच्या पानावर काढतो आणि चारजणी वाकून बघतात.

पश्चिमकिनारा · गुरुवार, सकाळी ८:००

एक प्रश्न गवाक्ष यांना. शेवटी दोन-तीन पर्याय तयार झाले तर विद्यार्थ्यांचं मतदान घ्यावं का?

गवाक्ष · गुरुवार, सकाळी १०:४५

माझ्या मते नाही. मतदानात संख्येने जास्त असलेले जिंकतात, आणि उतार यांच्यासारखा विद्यार्थी दरवर्षी एकटाच असणार. पर्यायांवर चर्चा घ्या, प्रत्येक पर्यायात कोणाची काय गैरसोय होते ते लिहून काढा. निर्णय समितीने घ्यावा, पण कारणासहित.

पश्चिमकिनारा · गुरुवार, सकाळी ११:२०

कारणासहित आणि जाहीर. समिती बंद खोलीत निर्णय घेणार असेल तर मी मतदानाच्याच बाजूने आहे. तुमचा अल्पसंख्येचा मुद्दा पटतो, तरीही.

अंगणवाट · शुक्रवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. दोन विद्यार्थी सदस्य घ्यायला मान्यता मिळाली, एक संशोधक विद्यार्थिनी आणि एक एम.एस्सी. पहिल्या वर्षाचा. विभागप्रमुख आधी साशंक होते. बुन्सेनचा "कालचा दिवस" मी वाचून दाखवला, त्यानंतर फारसा वाद झाला नाही.

पुढचं असं ठरलं आहे. सोमवारपासून ठिपक्यांची फेरी, ती विद्यार्थीच करतील. त्याच आठवड्यात प्रत्येकाने आपला एक दिवस एका पानावर लिहायचा, मराठीत लिहायचा, नाव ऐच्छिक. त्याला गुण नाहीत आणि शुद्धलेखन कोणी तपासणार नाही, हे मी वर्गात स्वतः सांगणार आहे. मुलींचे लहान गट, ये-जा करणाऱ्यांचा एक गट सकाळी साडेआठला, आणि दिव्यांग विद्यार्थ्यांबरोबर प्रत्यक्ष जागेवर एक फेरी. उतार, तुम्हाला जमलं तर ऑनलाइन तरी या, व्यक्तिगत निरोप पाठवते. प्रयोगशाळा परिचर आणि सफाई करणाऱ्या मावशी यांच्याशीही बोलायचं ठरवलं आहे. कुठला पाइप तुंबतो हे विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. फॉर्म शेवटी, आलेल्या मुद्द्यांची पडताळणी म्हणून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते: विभागाच्या दाराशी एक तक्ता लावणार. एका रकान्यात विद्यार्थ्यांनी मांडलेला मुद्दा, दुसऱ्यात त्याचं काय झालं. घेतला, नाही घेतला, कारण काय. नकाशा मंजूर होईपर्यंत दर पंधरवड्याला तो बदलायचा. ज्या मुलांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलंय त्यांना उत्तरही मिळालं पाहिजे, याबाबतीत मी मागे हटणार नाही.

फक्कीची आखणी पुढच्या महिन्यात. साइटवाला सर, मोठ्या खोलीचा काटकोन बिनचूक कसा काढायचा? आमच्याकडे मोजपट्टी आहे, यंत्र नाही.

साइटवाला · शुक्रवार, रात्री १०:०५

यंत्र लागत नाही. तीन-चार-पाचचा गुण्या धरा. कोपऱ्यावर खुंटी ठोका, एका बाजूला ३ मीटरवर दुसरी, दुसऱ्या बाजूला ४ मीटरवर तिसरी. या दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत तिसरी खुंटी, कोपऱ्यापासूनचे ४ मीटर कायम ठेवून, सरकवा, की काटकोन झाला. खोली मोठी असेल तर ६-८-१० घ्या, चूक कमी होते. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. दोरी नायलॉनची घ्या. भिंतीची जाडीही आखा, एकच रेघ मारू नका, नाहीतर खोली आहे त्यापेक्षा मोठी वाटेल. आणि आखणी सकाळी लवकर करा, वारा सुटला की फक्की उडते.